बाजूची खुंटी

१० फेब्रुवारी १९८७, मंगळवार. नार्वे, गोवा

डोळे आज पांढरे दिसले. कावीळ उतरली असं डिचोलीचे डॉक्टर म्हणतात. आईचा विश्वास मात्र त्या पाल्याच्या रसावर आहे, जो मी रोज मागच्या दारी ओतते. वजन सहा किलो गेलं. रजा मार्चअखेरपर्यंत. म्हणजे अजून सात आठवडे पेज, उसाचा रस आणि भेटायला येणाऱ्या बायका. बायका दोनच प्रश्न विचारतात: तिकडे जेवायला काय मिळतं, आणि तिथे तू करतेस तरी काय. दुसऱ्याचं उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही.

वही सुरू केली ती एवढ्यासाठी की कामाबद्दल बोलण्यासारखं इथे कोणी नाही.

परिस्थिती अशी. आमच्या संशोधन केंद्रात इलेक्ट्रॉनांचा झोत गोल फिरवणारं वलय बांधायचं आहे. झोत पसरू नये म्हणून त्याला आवळून धरणारे बत्तीस चुंबक. कागदावर प्रत्येक चुंबक अचूक जागी बसतो. प्रत्यक्षात एकही बसणार नाही. म्हणून संगणकावर त्यांना मुद्दाम जागेवरून हलवायचं, किती हलले की झोत भोवतीच्या नळीला घासतो ते पाहायचं, आणि बसवणाऱ्यांना सांगायचं की एवढी चूक चालेल, याहून जास्त चालणार नाही. माझ्याबरोबरचा रामचंद्र म्हणतो, मिलिमीटरचे दोन दशांश चालतील. मी म्हणते, चालणार नाहीत. ते अजून मला आकड्यांत दाखवता आलेलं नाही. पण रामचंद्रला जे पुरेसं वाटतं ते सहसा पुरेसं नसतं.

तेवीस मार्चला बाहेरच्या तज्ज्ञांची समिती येऊन निवाडा करील. ज्याचा आकडा टिकेल त्याच्याकडे चुंबक बसवण्याचा गट जाईल. दुसऱ्याने त्याच्या हाताखाली राहायचं. मला रामचंद्रच्या हाताखाली राहायचं नाही.

दुपारी पेज वाढताना आई हे बाप्पांना सांगत होती, अर्थातच उलटंसुलटं. बाप्पा म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ भिकाजी, पाळीच्या खाणीवर सुपरवायझर. ते म्हणाले, "आमच्या खाणीर आसा मगे कॉम्प्युटर. पडूनूच आसता." कुठला कॉम्प्युटर, असं विचारलं. म्हणाले, पांढरा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सात वीसला कंपनीच्या जीपमधून पाळी. तिथे सगळं तांबडं आहे. झाडं, कावळे, माणसांच्या पापण्या. टिपर ट्रक एकामागून एक लोखंडाची माती घेऊन जेटीकडे जातात आणि रिकामे परत येतात.

यंत्र खरंच आहे आणि चांगलं आहे. अख्ख्या ऑफिसात ती एकच खोली थंड. चपला बाहेर. पडद्याच्या कपाळी कुंकू, वर वाळलेलं झेंडूचं फूल. आणलं तेव्हा नारळ फोडला होता म्हणे. मी रुमालाने कुंकू पुसलं. यंत्र सांभाळणारा कारकून गौरेश बाजूला उभा राहून पाहत होता. खिशाला तीन पेनं. बोलण्यासारखं त्याच्याकडे काही असेल असं वाटत नाही.

या यंत्रावर हे लोक काय करतात, तर टिपरच्या खेपा नोंदवतात. कुठला टिपर, किती टन, कुठल्या जेटीला. एवढ्यासाठी वही पुरली असती. मी म्हटलं, मला दिवसभर लागेल, एकदा गणित लावलं की मध्ये थांबवता येत नाही. गौरेशने बाप्पांकडे पाहिलं. मग खुर्चीवरचा आपला टॉवेल उचलला.

"तूं बस. म्हाका हातान बरोवपाक बरें पडटा."

हाताने लिहिणं त्याला बरं पडतं म्हणे. यंत्रापासून सुटका झाल्याचा असा आनंद मी प्रथमच पाहिला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस नुसतं टंकन. केंद्रातून निघताना प्रोग्रॅम छापून आणला होता, साडेनऊशे ओळी. तो इथल्या यंत्रात हाताने घालायचा. कंपायलरची फ्लॉपी माझ्या बॅगेत होतीच.

मूळ लेखन रामचंद्रचं आणि ते त्याच्या तोंडावर गेलं आहे. चुंबक उजवीकडे सरकला म्हणजे चुंबकाच्या दृष्टीने झोत डावीकडे सरकला. तेव्हा झोत आत शिरताना त्याच्या जागेतून तेवढं अंतर वजा करायचं. झालं. एवढ्यासाठी त्याने दोन पानं खाल्ली आहेत. आणि त्या भागाच्या शेवटी बावीस ओळी पुन्हा वरच्यासारख्याच. एकदा काम करायचं आणि मग ते केल्याचं पुन्हा सांगायचं. हा माणूस चहाच्या वेळी बोलतोही असाच. मी त्या बावीस ओळी गाळल्या. बोटं दुखत होती, आणि यंत्र लहान असल्याने ओळ जेवढी कमी तेवढं बरं.

मग तपासणी. सगळे चुंबक जागच्या जागी, सरकवणी शून्य ठेवून चालवलं आणि छापील उत्तराशी ताडून पाहिलं. दशांशाच्या सहाव्या स्थळापर्यंत तेच. बावीस ओळी नाहीत आणि उत्तर तेच. यावरून त्या ओळींची लायकी कळते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात दिवसभर भाषेचा वाद. विधानसभेत कोकणीचा कायदा झाल्यापासून हेच चाललंय. बाप्पा मराठीवाले. टेबलावर हात आपटून ते म्हणत होते, "मराठी आमची भास. ती आमी सोडची ना." हे वाक्य त्यांनी कुठल्या भाषेत उच्चारलं ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. समोरच्याच्याही आलं नाही. त्याने मराठी पेपर गुंडाळून मेजावर आपटला आणि कोकणीची बाजू घेतली.

जीपमध्ये परतताना बाप्पांनी विचारलं, तू ते चुंबक मुद्दाम वाकडे का बसवतेस, सरळ बसवायला शिकवलं नाही का. मी समजावलं. मुद्दाम चूक करायची, चुकीचा परिणाम मोजायचा, म्हणजे खरी चूक किती परवडते ते कळतं. ते म्हणाले, म्हणजे पोराला एकदा पडू द्यायचं तसं. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर डिचोलीपर्यंत समजवावं लागलं असतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

एका वेळी एक चुंबक हलवून पाहणं संपलं. आता खरं काम: बत्तीसही चुंबक एकदम, प्रत्येक आपापल्या दिशेने, नशीब नेईल तसा. अशी शंभर काल्पनिक वलयं. एका वलयाला पंचवीस मिनिटं लागतात. सकाळी लावते, संध्याकाळी जीप निघेपर्यंत वीसेक होतात.

गौरेश बाहेरच्या व्हरांड्यात तांबड्या धुळीत बसून खेपा वहीत लिहितो. हातभर जाड वही. आतल्या खोलीत यंत्र, आणि कारकून बाहेर बोरू घासतो. हा देश कुठे चालला आहे ते पाहायला पाळीला यावं.

आज पणजीहून मेकॅनिक आला होता. वास्कोच्या मुख्य ऑफिसने पाठवला, यंत्र नादुरुस्त आहे असं त्यांना कळलं म्हणे. माझ्या खांद्यावरून पाहिलं तर यंत्र चालू. काय बिघडलंय, असं त्याने विचारलं. गौरेश म्हणाला, "केन्नाय चलता, केन्नाय ना." म्हणजे कधी चालतं, कधी नाही. मेकॅनिकने चहा घेतला, दोन पाव खाल्ले, कागदावर काहीतरी खरडलं आणि गेला. चालणारं यंत्र दुरुस्त करायला माणूस बोलावतात आणि तो येतोही. मी मान वर केली नाही.

३ मार्च, मंगळवार

शंभर वलयं पूर्ण. रामचंद्रचे दोन दशांश धरले तर एकाहत्तर वलयांत झोत नळीला आपटून संपतो. शंभरात एकाहत्तर. रामचंद्रच्या अहवालात हाच आकडा चार आहे.

पाव दशांशापर्यंत उतरल्यावर कुठे माझी वलयं तगतात. म्हणजे मी म्हणत होते ते बरोबर, आणि मला वाटलं होतं त्याहून किती तरी जास्त बरोबर.

चार आणि एकाहत्तर. इतका फरक नशिबाने पडत नाही. आकडे कुठून काढायचे, कुठली वलयं मोजायची आणि कुठली टाकून द्यायची, हे शेवटी चालवणाऱ्याच्या हातात असतं.

जीपमध्ये आज खाणीचा सर्व्हेअर महादेव होता. सावंतवाडीकडचा, पन्नाशीचा. मोजणीची दुर्बीण मांडीवर घेऊन बसतो, मूल घ्यावं तशी. मी फार खूश दिसते असं म्हणाला. मी खिडकीबाहेर पाहिलं.

६ मार्च, शुक्रवार

केंद्राच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. पाच पानं, आलेख तीन. शेवटचा परिच्छेद इथे उतरून ठेवते: "माझ्या व रामचंद्र यांच्या निष्कर्षांतील तफावत आकडेमोडीच्या पद्धतीतून संभवत नाही. अनुकूल उदाहरणे निवडून प्रतिकूल वगळली गेली असण्याची शक्यता समितीसमोर येणे आवश्यक वाटते."

भाषा सभ्य आहे. अर्थ कळायला प्रमुखांना एक मिनिट लागेल. असं वाक्य एकदा समितीसमोर आलं की माणूस नुसता गट गमावत नाही, पुढे त्याचा कुठलाही आकडा दोनदा तपासला जातो.

हे वाक्य काढावं का, असा विचार दुपारपर्यंत केला. रामचंद्र आळशी आहे, पसरट आहे, पण लबाड असल्याचं मी पाहिलेलं नाही. मग पुन्हा एकाहत्तर आणि चार समोर ठेवले. वाक्य ठेवलं. बाप्पांनी डिचोलीला रजिस्टर केलं.

११ मार्च, बुधवार

रामचंद्रचं पत्र. माझं तिकडे पोचण्याआधीच निघालेलं, तेव्हा उत्तर नव्हे. तब्येत विचारली आहे. माझ्या टेबलावर नवा माणूस बसवणार होते, ते होऊ दिलं नाही म्हणे. संयुक्त अहवालाचा मसुदा सोबत. वलयाच्या मांडणीचा भाग माझा आहे तो तसाच ठेवलाय आणि दोन नावांत माझं आधी. कारण म्हणून वर्णानुक्रम असं लिहिलं आहे: कमलाक्षी, मग रामचंद्र. आजवरच्या तीन अहवालांत त्याला वर्णानुक्रम सुचला नव्हता. तेवीस तारीख जवळ आली की लोकांना बाराखडी आठवते.

शेवटी लिहिलंय, दोन दशांशांबद्दल तुला अजून शंका असेल तर कळव, मी पुन्हा सगळं चालवीन. उत्तर देण्यासारखं काही नाही. माझं पत्र आता प्रमुखांच्या हाती असेल.

१४ मार्च, शनिवार

लिहायला नको अशी गोष्ट, पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते.

बाप्पांची वाट पाहत महादेव थंड खोलीत येऊन बसला. समितीसाठी काढलेली आकृती मेजावर होती, गोल वलय, त्यात इकडेतिकडे सरकवलेले चुंबक. त्याने विचारलं, हे जत्रेतलं चक्र काय. मी म्हटलं, चुंबक आहेत, मी ते मुद्दाम बाजूला सरकवते. एवढ्यावर गप्प बसेल असं वाटलं होतं.

"आमी पण तसाच करतंव," तो म्हणाला.

मग सांगत बसला. खाणीत रस्त्याची मधली रेघ आखायची तर खुंटी मधोमध मारता येत नाही, पहिला टिपरच ती चिरडतो. म्हणून तीन मीटर बाजूला मारतात आणि तांबडा रंग लावतात, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की ही खोटी, खरी रेघ तीन मीटर आत. त्याच्या उमेदवारीत एक नवा माणूस आला होता, फार हुशार, इंग्रजी बोलणारा. त्याने पहिली खुंटी बाजूला मारली. दुसरी मारताना त्या बाजूच्या खुंटीपासून माप घेतलं आणि ती आणखी तीन मीटर बाजूला मारली. तिसरी दुसरीपासून. सातवी खुंटी एकवीस मीटर सरकून गंगा नावाच्या बाईच्या काजूच्या बागेत. गंगा कोयता घेऊन उभी. तो हुशार माणूस तिला इंग्रजीत समजावत होता.

हे सांगून तो स्वतःच खूप हसला. मग आकृतीवर नख ठेवून म्हणाला, "तुमी चुंबक बाजूक सरकवलात, ता बरा. पण फुडच्या चुंबकाक जाताना परत मधी येतात मां?"

मी म्हटलं, अर्थात.

तो मान हलवून उठला. दाराशी चपला घालताना म्हणाला, विचारलं म्हणून रागावू नका, शिकलेली माणसंच विसरतात, आमच्यासारख्याला विसरायला भीती वाटते.

खुंट्या मारणाऱ्याने मला विचारावं, परत मध्ये येता ना. सोमवारी तो भाग उघडून एकदा पाहीन. संशय आहे म्हणून नव्हे. विषय मिटावा म्हणून.

१६ मार्च, सोमवार

होळी काल झाली. शिगम्याच्या सणासाठी ड्रायव्हर गावोगाव गेलेले, खाण शांत. एकच टिपर दिवसभर ये-जा करत होता. त्याचा आवाज लांबून यायचा, जवळ यायचा, जायचा. बाकी काही नाही.

परत मध्ये येत नाही.

झोत चुंबकात शिरतो, मी त्याच्या जागेतून सरकवणी वजा करते. झोत बाहेर पडतो आणि मी ती परत मिळवत नाही. तशीच पुढच्या चुंबकाला नेते. म्हणजे माझ्या प्रोग्रॅममध्ये एक चुंबक हलवला की त्याच्यापुढचं सगळं वलय त्याच्यासोबत हलतं. दुसरा हलवला की पुन्हा सगळं. बत्तीस वेळा. मी चुंबक सरकवत नव्हते. मी रस्ता सरकवत होते.

सरकवणी परत मिळवणाऱ्या ओळी रामचंद्रच्या छापील गठ्ठ्यात आहेत. बावीस. वरच्यासारख्याच, फक्त वजाच्या जागी अधिक. मी त्या वाचल्या नव्हत्या. अक्षरं ओळखीची वाटली आणि माणूस ओळखीचा वाटला, एवढ्यावर पुढे गेले.

आणि तपासणी. शून्य वजा करा, शून्य परत मिळवायला विसरा, उत्तर तेच येणार. सहा स्थळांपर्यंत काय, साठपर्यंत येईल. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अशी तपासणी दाखवली असती तर मी त्याचा कागद परत फेकला असता.

बावीस ओळी घातल्या. आज नऊ वलयं झाली. दोन दशांशांना नऊही तगली.

१७ मार्च, मंगळवार

कालची आणि आज दुपारपर्यंतची मिळून एकवीस वलयं. झोत एकातच गेला. शंभर पुरी व्हायला आठवडा लागेल, पण आता एकाहत्तर होणार नाहीत. चार किंवा पाच होतील, आणि चार आणि पाच यांत फरक नसतो.

पर्याय मांडून पाहिले. पहिला: गप्प राहायचं. माझ्या प्रोग्रॅमची प्रत दुसऱ्या कुणाकडे नाही, आलेख नीट काढलेले आहेत, आणि समितीला दोन तासांत जेवणही करायचं असतं. पाव दशांशाने वलय बांधलं तर ते उत्तमच चालेल. नुकसान म्हणावं तर वेळेचं आणि एका माणसाच्या नावाचं. दुसरा: "पुनर्तपासणी सुरू आहे, पत्रावर तूर्त विचार करू नये." याची मी तार लिहिलीसुद्धा. यात एकही शब्द खोटा नाही. सगळी तार खोटी आहे. फाडली.

पहिला पर्याय मी किती वेळ समोर ठेवला होता ते लिहायला हवं. पावणेबारापासून दीडपर्यंत. त्या वेळात मला रामचंद्रचा रागही आला, त्याने ओळी इतक्या पसरट लिहिल्या नसत्या तर मी त्या वाचल्या असत्या, असा. मग त्या रागाचं हसू आलं. बरं नव्हतं ते हसू.

बाप्पांना म्हटलं, डिचोलीच्या पोस्टात जायचंय. ते लगेच उठले. जीप काढली. वाटेत एकदाच म्हणाले, पत्र पाठवलंस तेव्हापासून तू नीट जेवलेली नाहीस, जानकीवहिनी काळजीत आहे. मला वाटत होतं की आई ताटं मोजत नाही.

तार, प्रमुखांना: "सहा मार्चच्या पत्रातली माझी मोजणी चुकीची. चूक माझ्या प्रोग्रॅमची. रामचंद्र यांचा आकडा बरोबर. शेवटचा परिच्छेद निराधार, समितीसमोर ठेवू नये." इंग्रजीत द्यायची होती, दिली. खिडकीतल्या माणसाने ती मोठ्याने वाचली, प्रत्येक शब्दावर पेन्सिल टेकवत, मागे सहा जण उभे असताना. 'निराधार'साठी घातलेला शब्द दोनदा वाचला. माझं तोंड पाहिलं आणि शिक्का मारला.

रामचंद्रला वेगळं लिहायचं आहे. "प्रिय रामचंद्र" पर्यंत झालं.

१८ मार्च, बुधवार

सामान आवरायला पाळीला गेले. यंत्राची आता गरज नाही. राहिलेली वलयं तिकडे जाऊन चालवेन, किंवा रामचंद्र चालवील.

फ्लॉप्या काढल्या, कागद गोळा केले. माझ्या छापील कागदांचा एक ताव सापडेना म्हणून गौरेशच्या कपाटात पाहिलं. खेपांचे कागद तारखेने लावलेले. सोळा महिन्यांचे, यंत्रावर छापलेले, एका मापाचे, कडेला भोकं. अकरा फेब्रुवारीपर्यंत. त्यानंतर कागद नाहीत. त्यानंतर ती वही.

वही उघडली. अक्षर चांगलं आहे. प्रत्येक पानाच्या शेवटी शेऱ्याचा रकाना. बारा फेब्रुवारी: यंत्र बंद. तेरा: यंत्र बंद. चौदा: यंत्र बंद. पानं उलटत गेले. सत्तावीस तारखेला बदल म्हणून: यंत्र तापले. मग पुन्हा बंद. कालपर्यंत.

रोजच्या पानाची प्रत वास्कोला जाते. गौरेश कायम नसलेला कारकून आहे, हे बाप्पांनी पहिल्या दिवशी जीपमध्ये सांगितलं होतं. तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होते.

गौरेश मागे येऊन उभा राहिला होता. मी म्हटलं, ही सगळी पानं यंत्रात घालायला तुला किती दिवस लागतील. म्हणाला, एकट्याला दोन आठवडे. मी म्हटलं, मी टंकते, तू वाच. त्याने नको म्हटलं, तुला बरं नाही. मी खुर्चीवर बसले.

त्याने वही उघडून आजचं पान काढलं. मग पेन काढून आजच्या शेऱ्यात लिहिलं: यंत्र बरें जालें. वास्कोला मराठीत जातं हे आठवून खोडलं, आणि लिहिलं: यंत्र चालू.

२१ मार्च, शनिवार

प्रमुखांची तार. "मिळाली. गट रामचंद्रकडे. एक एप्रिलला रुजू व्हावे." पत्राचा शेवटचा परिच्छेद रामचंद्रने वाचला की नाही ते त्यात नाही. विचारण्याचा हक्क मला नाही.

आईने पाल्याचा रस आणून दिला. प्यायले. चव वाटली होती त्याहून वाईट आहे.

२३ मार्च, सोमवार

आज तिकडे तज्ज्ञ बसले असतील. इथे सकाळपासून आम्ही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होतो आणि दुपारी सोळा तारखेला पोचलो. गौरेश वाचतो तेव्हा टिपरच्या नंबरामागून ड्रायव्हरचं नावही घेतो, आणि कोण कुणाचा मेव्हणा तेही. यंत्राला ते लागत नाही. आठवडाभर मी ते ऐकते आहे.

महादेव दुर्बीण घेऊन दारात आला. मी त्याला सांगितलं की परत मध्ये येत नव्हते. त्याने विचार केला आणि विचारलं, कितवी खुंटी होती. मी म्हटलं, बत्तिसावी. त्याने शीळ घातली. "आणि बाग कोणाची?" म्हणाला. मी म्हटलं, एका ओळखीच्या माणसाची. कोयता घेऊन उभा होता का, असं त्याने विचारलं. मला ठाऊक नाही, असं म्हटलं. ते खरं आहे. एक तारखेला कळेल.

सोळा तारखेचं पान. टंकता टंकता पडद्यावर पाहिलं तर एकाखाली एक दोन ओळी हुबेहूब: तोच टिपर, तेच टन, तीच जेटी. त्याखाली तिसरी तशीच. वहीतही तसंच, गौरेशच्या त्या सुरेख अक्षरात. दिवसभर उन्हात बसून लिहिणाऱ्याची ओळ चुकून दोनदा पडणारच. बोट पुसायच्या कळीवर गेलं होतं.

मी विचारलं, ही ओळ दोनदा लिहिली आहेस का.

त्याने वही वळवून पाहिली. "रांव, काडूं नाका. शिगम्याक सगळे गेल्ले. एकूच टिपर धांवतालो."

मलाही त्या एकट्या टिपरचा आवाज आठवला. सगळ्या ओळी ठेवल्या.